खडीसाखरवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरसाहेबांना पेशंटची कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती नातेवाइकांची.

म्हाताऱ्या माणसांच्या मनाचे डॉक्टर होते ते. म्हाताऱ्यांना मन असतं हेच मुळात आमच्या वर्धा जिल्ह्यात बऱ्याच जणांना मान्य नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे पेशंट एकटा कधी येत नसे. आजी आल्या की सोबत मुलगा, सून, जावई आणि 'सहज वर्ध्याले काम होतं म्हून आलतो' असा एखादा भाचा. डॉक्टर विचारायचे, "माय, झोप येते का?" आजींनी तोंड उघडायच्या आत सगळ्यांनी उत्तर दिलेलं असायचं. मुलगा म्हणे येते, सून म्हणे येत नाई, भाचा म्हणे मोबाइलमुळं आजकाल कोनालेच येत नाई. आजी आपल्या छताचा पंखा बघत बसायच्या.

यावर डॉक्टरांनी खडीसाखर शोधून काढली. टेबलावर बरणी असायची, आत सुपारीएवढे खडे. खोलीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाच्या हातावर एक खडा.

"घ्या. चावाचा नाई. विरघळेपर्यंत बोलाचं नाई. दवाई आहे."

"कोनाची?"

"पेशंटची. पर घ्याची तुम्ही."

माणसं निमूट गाल फुगवून बसायची. साखरेचा आजार असलेल्यांसाठी आवळ्याची सुपारी होती. त्याआधी म्हणे त्यांनी गोरसपाक देऊन बघितला होता. वर्ध्याचा गोरसपाक तो, कोरडा आणि तोंडभर होणारा. तो खाताना कोणी बोलणार नाही असा त्यांचा अंदाज. पण लोक बोललेच, आणि टेबलावर, पेशंटवर सगळीकडे भुकटी उडाली. मग खडीसाखर आली ती कायमची.

मी नागपूरहून समाजकार्याची पदवी घेऊन त्यांच्याकडे समुपदेशक म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी एका काकांना मी मध्येच काही तरी समजावून सांगू लागले. डॉक्टरांनी बरणी माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, तुमाले लय येते. घ्या." सगळ्यांच्या देखत मी खडा तोंडात टाकला आणि विरघळेपर्यंत मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. पुढे कळलं की त्या काकांना फक्त एवढंच सांगायचं होतं की बायको गेल्यापासून आपल्याला वाढून देताना कोणी 'अजून घ्या' म्हणत नाही. ते त्यांनी सांगितलं, आणि माझ्या तोंडात खडा होता म्हणूनच सांगितलं. तरी माझा राग काही दिवस टिकला. रागावायला माणूस तसा सोयीचा होता.

स्मरणशक्ती तपासायची एक छापील पद्धत असते. आज तारीख कोणती, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करा, उरले त्यातून परत सात. डॉक्टर सुरुवातीला ती पाळायचे. मग पवनारचे एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी सातांची वजाबाकी शेवटपर्यंत धडाधड करून दाखवली आणि म्हणाले, "आता तुम्ही. एकोणतीसचा पाढा म्हणा." डॉक्टर थोडे पुढे गेले आणि अडले. माझ्याकडे बघू लागले. मी खिडकीबाहेर बघू लागले. गुरुजी मुलाला म्हणाले, "मला घरी ने आणि यांना इथे भरती कर." मुलाच्या तोंडात खडीसाखर होती, त्यामुळे त्या बिचाऱ्याला नीट हसताही आलं नाही.

त्या दिवसापासून छापील प्रश्न बाद झाले. "तारीख मलेच मालूम नसते, मॅडम. ज्याले पेन्शन नाई त्याले तारखेशी काय घेनंदेनं?" असं म्हणून त्यांनी स्वतःचे प्रश्न काढले. शेतकऱ्याला पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कपाशीबद्दल, विचारायचे. बाईमाणसाला एखादा पदार्थ विचारायचे, आणि ती सांगेल ती कृती त्यांची बायको रविवारी घरी करून बघायची. पदार्थ जमला तर पेशंट ठीक, बिघडला तर पुढच्या तपासण्या. इस्पितळात कोणकोणत्या आजी आल्या यावर त्यांच्या घरचं रविवारचं जेवण ठरायचं. हिंगणीच्या एका आजींनी पाटवडीचा रस्सा सांगितला, त्यात मीठच नव्हतं. डॉक्टर सोमवारी गंभीर चेहऱ्यानं आले. आजींना परत बोलावून हळुवार विचारलं, "माय, त्या रश्श्यात काही राह्यलं का सांगाचं?"

"काही नाई राह्यलं."

"मीठ?"

आजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मीठ टाका लागते हे बी तुले सांगा लागते का रे बाबू?"

आजींना आजार नव्हता. बायकोनं मात्र पुढचे दोन रविवार डॉक्टरांना खिचडीवर ठेवलं, असं ते स्वतःच सांगायचे.

पांढरे केस, विटका शर्ट, पायात चपला. डॉक्टर म्हणून कोणी ओळखत नसे आणि त्यांना ते फार आवडायचं. सकाळी तपासणी सुरू व्हायच्या आधी ते बाहेरच्या बाकावर म्हाताऱ्यांत जाऊन बसायचे. कोण कोणाशी कसं बोलतं, कोण पाण्याची बाटली कोणापुढे करतं, हे सगळं तिथे कळतं म्हणायचे. एकदा नव्या चौकीदारानं त्यांना चिठ्ठीच्या रांगेत उभं केलं तर तेही मुकाट उभे राहिले. मी शोधत आले तेव्हा शेजारच्या एक आजी त्यांना समजावत होत्या.

"हा डाक्टर लय आगाऊ हाय म्हंते. लोकायच्या तोंडात साखर कोंबते."

"खरंच का? मले तं भेव वाटून राह्यलं, माय."

"भेऊ नको. मी हावो ना."

थोड्या वेळानं त्या आजी आत आल्या आणि हे खुर्चीत बसलेले. आजी घाबरून दारातूनच हातानं खुणा करू लागल्या, "अरे, ऊठ तिथून! तो येऊन राह्यला असंन!"

असा हा माणूस. कौतुकाचा शब्द तोंडातून निघायचा नाही. मी चांगलं काम केलं की म्हणायचे, "आज तुमी चुप होत्या." आणि 'आधी कान, मग मन' हे त्यांचं पालुपद. बॅगेत स्टेथोस्कोप एखादे वेळी नसे, पण कानात बघायची बॅटरी आणि श्रवणयंत्राचे सेल हमखास. कोणी म्हटलं की आजोबा उदास झालेत, कोणाशी बोलत नाहीत, की डॉक्टर आधी कानात डोकवायचे. कित्येकांची उदासी त्यांनी चिमट्यानं बाहेर काढली.

दर गुरुवारी आम्ही वडनेरला जायचो. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आमचं शिबिर असायचं. तिथे एका गुरुवारी वनिता नावाची बाई सासऱ्यांना हाताला धरून घेऊन आली. मागे तिचा नवरा, गजानन. गाव त्याला गजूभाऊ म्हणायचं. सासरे म्हणजे आबाजी. ताठ म्हातारा, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर कोणाचं तरी काम अडलंय अशी घाई.

नेहमीप्रमाणे नवराबायकोच्या तोंडात खडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, "आबाजी, घरी सारं बराबर?"

"बराबर हाय. हे ट्रॅक्टरवाले भाऊ हायेत ना," आबाजींनी गजूभाऊकडे हात केला, "मानूस लय चांगला. पर हे आपल्या घरी काऊन जात नाईत, काई समजत नाई."

गजूभाऊच्या तोंडातला खडा कडकन फुटला. डॉक्टरांनी त्याला रागावलं नाही. दुसराही दिला नाही.

गोष्ट अशी होती. घरात ट्रॅक्टर आला तेव्हा हिऱ्या आणि सरदार ही आबाजींची बैलजोडी हिंगणघाटच्या बाजारात गेली. पुढे आबाजींची आठवण हळूहळू उतरत गेली. एका सुनेशिवाय सगळे नातेवाईक विसरले, मुलाचं नाव गेलं, पण बैल काही गेले नाहीत. पहाटे उठायचं, गोठा रिकामा बघायचा आणि 'बैल कुठं हायेत?' म्हणत शोधायला निघायचं. वडनेरला लागून हैदराबादचा मोठा रस्ता आहे. एका पहाटे आबाजी त्या रस्त्याच्या मधोमध उभे, आणि ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. तेव्हापासून गजूभाऊ रात्री बापाच्या खोलीला बाहेरून कुलूप लावत होता. पहाटे आबाजी आतून दार बडवायचे आणि बैलांना हाका मारायचे.

"मले बी चांगलं वाटते का, सर?" गजूभाऊ म्हणाला. "कुलूप नाई तं नागपूरले एका आश्रमात विचारलं हाय. तिथं ठेवतो."

"नागपूरले हे महिनाभर नाई टिकनार," डॉक्टर म्हणाले. "आन कुलपात इथं नाई टिकनार. कुलूप काढा."

"आन बाबा निंगून गेले तं? तुमी त्याहिले पहाटे जाग्यावर बसवून दाखवा. मी कुलूप नाल्यात फेकतो."

"ठरलं," डॉक्टर म्हणाले, जणू एखाद्या पोराशी पैज लागली असावी. गाडीत बसल्यावर मी विचारलं, कसं बसवणार? तर म्हणे, "मले काय मालूम?"

बैल विकले हे खरं सांगायला त्यांनी आधी बंदी घातली. कारण ते ऐकलं की आबाजी दर वेळी नव्यानं रडायचे आणि त्या 'ट्रॅक्टरवाल्या'च्या अंगावर धावून जायचे. मग आम्ही खोटं शोधू लागलो. वनितानं सांगायचं, 'बैल चराले गेले.' तिनं सांगितलं. आबाजी त्यांना आणायला निघाले. पुढच्या गुरुवारी ठरलं, 'शेजाऱ्यानं नेले वखराले.' शेजारी किराणा दुकानदार, जन्मात त्यानं बैलाची शेपटी धरली नव्हती. आबाजी काठी घेऊन त्याच्या दुकानात शिरले आणि वखर दाखव म्हणाले. दुकानदारानं डॉक्टरांना फोन करून जे काही ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. डॉक्टर मात्र खूश, "काठी धरून दुकानापर्यंत नीट गेले म्हंजे चाल चांगली हाय."

मग त्यांच्या डोक्यात नंदी शिरला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा भरतो, लाकडी बैल सजवून पोरं मिरवतात. तो नुकताच होऊन गेला होता आणि वर्ध्याच्या बाजारात काही नंदी उरले होते. डॉक्टरांनी गुडघ्याएवढा, चाकांचा, रंगवलेल्या शिंगांचा नंदी घेतला आणि वडनेरपर्यंत मांडीवर धरून नेला. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं की विसरभोळ्या आजींच्या हातात बाहुली दिली की त्या शांत होतात. मी म्हटलं, सर, हे शेतकरी आहेत. ते म्हणाले, मॅडम, खडा घ्या.

अंगणात आबाजी ओट्यावर बसलेले. आमचे डॉक्टर दोरी धरून नंदी ओढत ओढत त्यांच्यापुढे गेले. चाकं कुरकुरत होती. आबाजींनी नंदीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि सुनेला आवाज दिला.

"वनिता, हा बुढा कोन व्हय?"

"डाक्टर हायेत, बाबा."

"पोट्ट्यायचा नंदी घेऊन फिरून राह्यला बिचारा." मग डॉक्टरांकडे वळून, अगदी मायेनं, "बस बाप्पा. गाव कोनतं तुहं?"

"वर्धा."

"मंग इतक्या दूर कसा आला? रस्ता भुलला का? पोरं-सोरं हायेत?"

"एक पोरगी हाय."

"तिले मालूम हाय का तू असा हिंडतं ते?"

डॉक्टरांनी नंदीची दोरी हळूच मागे लपवली. आबाजी वनिताला म्हणाले, "याले चहा दे, आन याच्या घरच्यायले फोन लाव. चांगल्या घरचा दिसते. डाक्टरले दाखवा म्हना."

परतीच्या वाटेवर हिंगणघाट आलं. डॉक्टर एकदम म्हणाले, "तपासनी एकदम बराबर केली त्यायनं. मी बी अशीच करतो." आणि मी हसू लागले तेव्हा तेही हसले. मी त्यांना असं मोकळं हसताना पहिल्यांदा पाहिलं. पण कुलूप अजून लागतच होतं, आणि नागपूरच्या आश्रमानं दिवाळीनंतर जागा आहे असं कळवलं होतं. हे आठवलं आणि दोघांचंही हसू ओसरलं.

पोळ्याची कल्पना त्यांना त्या नंदीवरूनच सुचली. बैलाला काम नाही असा वर्षातला दिवस कोणता? पोळा. वनितानं पहाटे सांगायचं, 'आज पोळा हाय, बैलाले सुट्टी.' आणि काय आश्चर्य, आबाजी बसले! 'असं का,' म्हणाले आणि बसले. वनितानं आनंदानं फोन केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, आवाज जरा उतरलेला. आबाजी विचारत होते, पुरन शिजलं का? पोळ्याला पुरणपोळी नाही असं घर असतं का? त्या बाईनं रोज पुरण घातलं. डाळ शिजवून शिजवून तिचे हात भरून आले, पोरं पुरणपोळीला रडू लागली, गजूभाऊच्या पोटाची तक्रार तर आमच्याच शिबिरात आली. शेवटी ती म्हणाली, "सर, मलेच भरती करून घ्या."

डॉक्टर विचारात पडले. मग टेबलावर थाप मारून म्हणाले, "पोळा नाई. पोळ्याचा आदला दिवस! पुरन उद्या!"

आदला दिवस म्हणजे खांद शेकायचा. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा कढतो, त्याला हळद-तूप लावून पळसाच्या पानानं शेकायचं आणि त्याला जेवणाचं आवतण द्यायचं. पुरण दुसऱ्या दिवशी, आणि आपल्या वडनेरात दुसरा दिवस उगवणारच नव्हता. डॉक्टर स्वतःवर इतके खूश झाले की वाटेत थांबून आम्हाला चहा पाजला. ही घटना आमच्याकडे फार दुर्मीळ.

युक्ती चालली. 'आज खांद शेकनी हाय, पोळा उद्या.' आबाजी पहाटे मान हलवून बसायचे आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरून जायचे. पण गजूभाऊ कुलूप काढेना. म्हणाला, गुरुवारी तुमी या, संध्याकाळपर्यंत बसून दावा, मंग पाहू.

त्या गुरुवारी शिबिर संपवून आम्ही त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. दिवस कलायला आला. त्या दिवशी मात्र आबाजी विसरले नव्हते. उठले, हात धुतले आणि वनिताला म्हणाले, "हळद आन. तूप गरम कर. पळसाची पानं कुठं हायेत?"

आमच्या डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आदल्या दिवसाचंही काम असतं, आणि ते संध्याकाळचं असतं, हे एवढ्या हुशार माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वनितानं घाबरत वाटी आणून दिली. कोणी तरी धावत जाऊन पानं आणली. आबाजी गोठ्याकडे निघाले. गोठ्यात खतांची पोती आणि ट्रॅक्टर. डॉक्टर घाईनं पुढे झाले आणि ट्रॅक्टरवर हात ठेवून म्हणाले, "आबाजी, आजकाल यालेच लावतेत."

आबाजी ट्रॅक्टरभोवती फिरले. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "याले खांदा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी ट्रॅक्टरवरचा हात काढून घेतला. आबाजींच्या वाटीतलं तूप निवत चाललं. "बैल कुठं हायेत?" ते म्हणाले. पहाटेचा तोच आवाज. वनितानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, आता नागपूर.

तेवढ्यात गजूभाऊ शेतातून आला. दिवसभर कपाशीवर फवारणी केलेली. पाठीवरचा पंप त्यानं ओट्याशी उतरवला, शर्ट काढून फेकला, हौदावर जाऊन खसाखसा अंग धुतलं आणि तसाच उघडा आमच्याकडे पाठ करून ओट्यावर बसला. पंपाच्या पट्ट्यांनी दोन्ही खांदे सोललेले, लालभडक.

आबाजींचं लक्ष तिकडे गेलं. ते ट्रॅक्टरपाशी थांबलेच नाहीत. सरळ ओट्याकडे गेले, गजूभाऊच्या मागे उभे राहिले, पळसाचं पान तुपात बुडवलं आणि त्याच्या खांद्यावर टेकवलं. गजूभाऊ दचकून उठायला लागला तर आबाजींनी त्याला तळव्यानं दाबून बसवलं, "हो, हो, हो," अशा आवाजात, बैलाला थोपवतात तसं. मग सावकाश दोन्ही खांदे चोळले. हळद त्या सोललेल्या कातड्यावर झोंबली असणार. गजूभाऊ हलला नाही.

"लय वढलं बाप्पा तुनं," आबाजी म्हणाले. "लय वढलं. आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

ते बैलाला म्हणाले की पोराला, हे मला आजही माहीत नाही. गजूभाऊ गुडघ्यांत डोकं घालून रडला, आणि मला सांगायला लाज नाही, मीही रडले. डॉक्टर माझ्याकडे वळून खेकसले, "रडता काऊन? युक्ती फेल गेली आपली!"

त्या रात्री गजूभाऊनं कुलूप लावलं नाही. बापाच्या खोलीच्या उंबऱ्याला लागून स्वतःची खाट आडवी टाकली. आपल्याला ओलांडल्याशिवाय म्हातारा बाहेर जाणार नाही, एवढा साधा विचार. आमच्या डॉक्टरांना, मला आणि त्या परदेशी मासिकाला तो सुचला नव्हता.

पुढच्या गुरुवारी तो एकटाच शिबिरात आला. डोळे तांबारलेले. खुर्चीत बसला आणि आपण होऊन बरणीकडे हात नेला, तर डॉक्टरांनी बरणी बाजूला सरकवली.

"बोला, गजूभाऊ. झोप कशी हाय आबाजीची?"

"बाबा झोपतेत, सर. मलेच झोपू देत नाईत. पहाटे हलवून उठवतेत. मंग आमी दोघं बैल पाहाले जातो, धुऱ्याधुऱ्यानं, वावराच्या बांधाबांधानं, रस्त्याच्या उलटीकडं. पार नाल्यापर्यंत जातो. मंग ते थकतेत, आमी घरी येतो."

"पोळा सांगत नाई का आता?"

"नाई सांगत. उठवताना म्हंतेत, ऊठ गज्या, बैल सुटले." मग नीट ऐकलं की नाही अशा शंकेनं त्यानं परत सांगितलं. "गज्या म्हंतेत, सर."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना औषध लिहायचं होतं बहुतेक, पण ते नुसतेच पेन धरून बसले. मग म्हणाले, "मंग ते बैल हरवलेलेच राहू द्या, गजूभाऊ. सापडले तं पंचाईत होईन."